उभी सभा : नूतन संघप्रमुखास हितोपदेश

हिंजवडीच्या काचेच्या इमारतींपैकी एखादीत ज्यास नुकतेच संघप्रमुखाचे पद प्राप्त झाले आहे, आणि आठ-दहा बुद्धिमान परंतु अद्याप निरुपद्रवी अशा प्रोग्रामरांची जोखीम ज्याच्या शिरावर आली आहे, त्या गृहस्थाने प्रथम हे ध्यानात धरावे की, सॉफ्टवेअर पुरे होणे हा दैवाधीन प्रकार असून, ते चालू असणे एवढेच आपल्या कर्तव्याच्या कक्षेत येते. पुरी झालेली वस्तू लोक वापरतात आणि तिला नावे ठेवतात. चालू असलेल्या वस्तूस नावे ठेवण्याची सोय कोणालाच नसते.

काम असे चालूच ठेवण्याच्या विद्येचा आद्यग्रंथ संगणकाच्या फार पूर्वीचा आहे. १९४४ साली, महायुद्धाच्या ऐन धामधुमीत, अमेरिकेच्या ओएसएस या हेरखात्याने शत्रूच्या अमलाखालील सामान्य नागरिकांसाठी घातपाताची एक पुस्तिका सिद्ध केली, आणि यंत्रात वाळू टाकण्याच्या उपायांबरोबरच कचेरीचे कामकाज ठप्प करण्याचे उपायही तीत मोठ्या आस्थेने नमूद केले : विषय समितीकडे सोपवावा, समिती शक्य तितकी मोठी, निदान पाचांची असावी, मसुद्यातील शब्दांवरून वाद घालावा, आणि गेल्या सभेत मुक्रर झालेली बाब या सभेत पुन्हा उकरून काढावी. त्या काळी हे सारे जीव मुठीत धरून करावे लागे. आज त्याबद्दल दरमहा वेतन मिळते, हा केवढा उत्कर्ष!

आता उभ्या सभेविषयी. स्क्रम नामक पद्धतीत रोज पंधरा मिनिटांची सभा सांगितली आहे, आणि ती उभ्याने भरविण्याचा प्रघात पडला तो पाय दुखू लागले म्हणजे माणसे आवरते घेतील या हिशेबाने. ज्या समाजाने रॉकेलच्या रांगेत आणि एसटीच्या फलाटावर पिढ्यान् पिढ्या उभ्याने घालविल्या, त्याच्या पायांची ताकद या शास्त्रकारांस ठाऊक नसावी. आमच्याकडे ही सभा सहजी पाऊण तास चालते. प्रत्येकाने काल काय केले, आज काय करणार आणि अडचण कोणती, हे तीन प्रश्न. पैकी पहिल्याचे उत्तर 'कालचेच काम', दुसऱ्याचे 'तेच पुढे', आणि तिसऱ्याचे, अडचण शेजारीच उभी असल्यामुळे, 'काही नाही' असे द्यावे. अलीकडे मंडळी घरूनच हजेरी लावतात, सबब उभी सभा बहुधा लोळून होते; नाव मात्र बदलू नये.

कामास लागणारा वेळ दिवसांत कधीही सांगू नये, कारण दिवस मोजण्याची विद्या वरिष्ठांसही अवगत असते. त्यासाठी १, २, ३, ५, ८, १३ अशा आकड्यांचे पत्ते वाटून प्रत्येकाने गुप्तपणे एक पत्ता काढावा, आणि त्यावरील आकड्यास कामाचे 'गुण' म्हणावे. हे आकडे फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावे प्रसिद्ध असले, तरी त्याच्या १२०२ च्या ग्रंथाच्या सुमारे अर्धशतक आधी आचार्य हेमचंद्रांनी लघुगुरूंच्या मांडणीचा विचार करताना तीच मालिका नोंदविली होती; मात्र लघुगुरूंची बेरीज बरोबर येत असे. आपल्या आठ गुणांच्या कामास तीन आठवडे का लागले, असे कोणी विचारल्यास, गुण म्हणजे वेळ नव्हे, असे शांतपणे सांगावे; आणि मग अमुक गुण अमुक तारखेपर्यंत पुरे का झाले नाहीत, असा तगादा आपल्या हाताखालच्यांस लावावा.

मुदत टळणारच. ती टळली की माणसे वाढवून मागावीत, यासारखा रामबाण उपाय नाही. आयबीएमच्या ओएस/३६० या अवाढव्य प्रणालीची धुरा वाहिलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ साली एक अख्खा ग्रंथ लिहून बजावले आहे की, रेंगाळलेल्या कामावर माणसे वाढविली म्हणजे ते अधिकच रेंगाळते. पाच जणांत परस्परांशी बोलण्याच्या दहा जोड्या होतात, दहांत पंचेचाळीस, विसांत एकशे नव्वद. शिवाय नव्यांस शिकविण्यासाठी जुन्यांस हातचे काम टाकावे लागते ते निराळेच. आचारी वाढविल्याने डाळ लवकर शिजत नाही, हे आमच्या आजीसही ठाऊक होते. पण तिच्या हाताखाली वीस माणसे नव्हती, म्हणून तिची बढती झाली नाही.

कोणी फारच कुरकुर केली तर त्यास २००१ सालचा जाहीरनामा दाखवावा. युटामधील स्नोबर्ड या बर्फाच्छादित ठिकाणी सतरा जाणत्यांनी एकत्र बसून, रीतीरिवाज व साधने यांपेक्षा माणसे आणि त्यांचा परस्परसंवाद, आणि भाराभर कागदांपेक्षा चालणारे सॉफ्टवेअर अधिक मोलाचे, असे मोजक्या ओळींत लिहून ठेवले. त्या ओळींवरून पुढे शिकवण्या निघाल्या, परीक्षा निघाल्या, प्रमाणपत्रे निघाली. जाहीरनाम्याची चौकट भिंतीवर लावावी. तिच्या खाली कामांच्या तिकिटांची बारनिशी ठेवावी.

राहता राहिला तो वस्तू प्रत्यक्ष हाताळणारा इसम. पैसे देणाऱ्याशी गोड बोलण्यास विक्रीखाते समर्थ आहे; परंतु या इसमाची सावलीदेखील आपल्या संघावर पडू देऊ नये. ही दक्षता एकदा ढिली पडलेली मी पाहिली आहे. एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचे काम आमच्याकडे होते. उसाने भरलेली गाडी एकदा तोलायची, रिकामी एकदा तोलायची, आणि वजाबाकीची पावती हाती द्यायची, इतकाच मामला आम्ही पाच स्क्रीनांवर पसरून नऊ महिने उत्तम रीतीने चालता ठेवला होता. संघातील एक मुलगी त्याच तालुक्यातली. दिवाळीच्या रजेत चुलत्याच्या गाडीबरोबर रात्रीच्या रांगेत गेली असता, ती दोन तास काटा कारकुनाशेजारी उभी राहिली, आणि आमचा दुसरा स्क्रीन पहिल्यावरचा गाडीनंबर विसरतो म्हणून तो बिचारा नंबर जुन्या कॅलेंडराच्या पाठीवर लिहून ठेवतो, हे तिने पाहिले. परत आल्यावर कोणासही न विचारता तिने दीड दिवसात पाच स्क्रीनांचा एक केला, आणि कारकुनास फोन करून, "काका, आता बघा बरं," एवढेच म्हटले.

अनर्थ व्हायचा तो झाला. एकतीस तिकिटे निरर्थक ठरली, बुधवारच्या बैठकीस विषय उरला नाही, आणि पुढील पंधरवड्यात सहा जण काय करणार, असे वरून विचारण्यात आले. मुलीकडून कैफियत मागविली, तर तिने ती दोन ओळींत दिली, हा आणखी एक अविनय. तिची बदली दुसऱ्या प्रकल्पावर झाली, आणि पाचही स्क्रीन समितीच्या विचारार्थ पूर्ववत करण्यात आले. काटा कारकुनाचा फोन त्यानंतरही काही दिवस येत असे. परंतु तो नेमका सकाळच्या उभ्या सभेच्या वेळी येई, त्यामुळे कोणास उचलता आला नाही.