घराचे कॅपिटल रिपेअर

भिलाईच्या पोलादाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते पोलाद करून संध्याकाळी सायकलच्या हँडलला मेथीची जुडी अडकवून घरी परतणाऱ्या मराठी अभियंत्याविषयी मात्र अभ्यासकांनी जवळजवळ मौनच पाळले आहे. येथे ज्याचे स्मरण करावयाचे आहे तो कोणी एक गृहस्थ नसून एक वाण आहे. नोकरी असेपर्यंत कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरातील क्वार्टरमध्ये राहायचे आणि निवृत्तीनंतर रेल्वेलाइन, जीई रोड व सुपेला ओलांडून कोहक्यात, म्हणजे एकेकाळी खेडे असलेल्या व आता भिलाई महानगरपालिकेत मोडणाऱ्या वस्तीत, स्वतःच्या प्लॉटवर स्थिरावायचे, असा या वाणाचा जीवनक्रम होता.

2 फेब्रुवारी 1955 रोजी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात पोलाद कारखान्याचा करार झाला, तेव्हा भिलाई ज्या मध्य प्रदेशात होते त्याची राजधानी नागपूर होती. त्यामुळे नागपूरच्या मुलाने भिलाईला नोकरी धरणे म्हणजे आपल्याच राज्यात पूर्वेकडे थोडे सरकणे, असेच त्याच्या आईवडिलांना वाटले. पुढे 1 नोव्हेंबर 1956 रोजी विदर्भ मुंबई राज्यात गेला व राजधानी भोपाळला. 2000 साली नेमक्या त्याच तारखेला छत्तीसगड निर्माण होऊन ती रायपूरला आली. अगदी आरंभी रुजू झालेल्यांनी अशा रीतीने गाव न सोडता तीन राजधान्या पाहिल्या, आणि दर खेपेस त्यांची चिंता घरावरची पाटी पुन्हा रंगवावी लागणार एवढ्यापुरतीच राहिली.

या अभियंत्याचा गृहस्थाश्रम समजून घ्यायचा तर ‘कॅपिटल रिपेअर’ ही संज्ञा समजून घेणे अपरिहार्य आहे. यंत्राची जाता-येता केलेली डागडुजी वेगळी आणि यंत्र पूर्ण थांबवून, उघडून, झिजलेले सर्व भाग बदलून ते जवळजवळ नव्याने उभे करणे वेगळे. या दुसऱ्या उद्योगाला भिलाईत कॅपिटल रिपेअर म्हणतात. शब्द दिसायला इंग्रजी असला तरी तो ‘कपितालनी रेमोंत’ या रशियन संज्ञेचा अवतार असून सोव्हिएत तंत्रज्ञांबरोबर येथे आला व त्यांच्या परतीनंतरही राहिला. कारखान्यात अशा दुरुस्तीला बरीच पूर्वतयारी व वरिष्ठांची मंजुरी लागते. घरात दोन्ही लागत नसत, आणि अनर्थाचे मूळ तेथेच होते. फेब्रुवारी सरता सरता घरातून “अहो, कुलरला यंदा खसच्या नव्या ताट्या लावून घ्या” एवढीच सूचना झालेली असे. ताट्या लावणे हे अर्ध्या तासाचे काम. परंतु त्यासाठी कुलर उघडल्यावर टाकीच्या तळाचा गंज दिसे, गंज खरवडल्यावर भोक पडे, भोक बुजवण्यापूर्वी रेड ऑक्साइडचा हात देणे शास्त्रशुद्ध ठरे, आणि रंग वाळेपर्यंत रिकामे बसण्यापेक्षा पंप व मोटर खोलून ठेवणे श्रेयस्कर वाटे. अंगणात जुन्या वर्तमानपत्रावर नटबोल्ट क्रमवार मांडलेले असत आणि त्यावरून नातवाला जायला मनाई असे. एप्रिलमध्ये ऊन भाजून काढू लागले तरी कुलर ‘शटडाउन’वरच असे, व कुटुंब पंख्याखाली ओले टॉवेल घेऊन शास्त्रशुद्धतेची किंमत मोजत असे. शेवटी जोडणी होई, पाणी पडे, गार वारा येई. हातात उरलेले तीन स्क्रू ही मूळ कारखानदाराने केलेली उधळपट्टी होती, असा तोंडी अहवाल सादर होऊन प्रकरण मिटे.

वेळेचे भान हा त्याचा दुसरा विशेष, आणि त्याचे कारण भट्टीत आहे. भिलाईची पहिली झोतभट्टी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी सुरू झाली. झोतभट्टीत वरून लोहखनिज, कोक व चुनखडी टाकतात आणि खालून तापवलेल्या हवेचा झोत सोडतात. हा झोत फार काळ थांबला तर आतला वितळलेला माल थिजून भट्टीच निकामी होण्याची भीती असते, म्हणून सणवार असो वा सुतक, ती चालू ठेवावी लागते. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी बी शिफ्ट, म्हणजे दुपारी 2 ते रात्री 10 ची पाळी, वाट्याला आली तरी हा गृहस्थ कुरकुरत नसे. रात्री साडेदहाला हेल्मेट खुंटीला लावून तो पाटावर बसे, आणि लक्ष्मी तोवर थांबली याचा अर्थ तिलाही रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडता येत नाही, असा लावी.

कुटुंबाला घेऊन नागपूरला जाताना तो खिडकीशी बसून डोंगरांकडे नव्हे, तर शेजारच्या रुळांकडे पाही, कारण भारतीय रेल्वेचे रूळ ही भिलाईची मुख्य ओळख आहे. पूर्वी 13 मीटरचे रूळ फिशप्लेटने, म्हणजे दोन टोकांना बोल्टने आवळलेल्या पट्ट्यांनी, जोडत आणि प्रत्येक सांध्यावर चाके खडखडत. पुढे रूळ वितळजोडाने सांधले गेले, आणि आता भिलाईत 130 मीटरचे एकसंध रूळ निघतात. हे सर्व तो डोंगरगड येईपर्यंत समजावून सांगे. तोवर मुले झोपलेली असत, व रूळ किती बिनआवाजी झाले आहेत याचा पुरावा म्हणून तो त्यांच्याकडे बोट दाखवी.

ती मुले आयआयटीला जावीत यासाठी त्याने नाइट शिफ्ट करून आल्यावर लाल डोळ्यांनी त्यांच्याकडून त्रिकोणमिती घोटून घेतली. भिलाईच्या नावाची आयआयटी 2016 साली सुरू झाली आणि तिचा परिसर पुढे दुर्ग जिल्ह्यातच कुटेलाभाठ्याला उभा राहिला. तोपर्यंत मुले पुण्याला व बंगळुरूला फ्लॅटचे हप्ते भरत होती. एवढ्या मोठ्या प्रकल्पाला विलंब व्हायचाच, हे त्याचे मत.

प्रेम हा शब्द त्याने घरात उच्चारल्याचा पुरावा सापडत नाही. गॅसची रबरी नळी मुदतीच्या आधी बदलल्याचे पुरावे मात्र प्रत्येक घरी आहेत. त्याच्या पश्चात राहते ते म्हणजे बोर्नव्हिटाच्या डब्यांत मापवार लावलेले वॉशर, विजेच्या मीटरचे आकडे महिनोन्महिने टिपलेली वही, आणि प्रत्येक स्विचवर त्याच्या अक्षरातली चिठ्ठी. पुण्याहून आलेला मुलगा या चिठ्ठ्या काढून भिंत रंगवू म्हणतो. आई त्याला चहा देते आणि विषय बदलते. टाकी भरण्याची मोटर ती अजूनही पहाटे सहालाच लावते, कारण ए शिफ्ट सहाला सुरू होते.