कमवा, पण बेताने

धाराशिवच्या विद्यार्थ्यांनो, कमवा, पण बेताने. ‘कमवा व शिका’ योजनेत झाडांना पाणी घाला, ग्रंथालयातली धूळ झटका आणि ठरलेले तास भरले की उरलेली धूळ तशीच सोडून वर्गात जा. जास्त कमावलंत तर शिकायचं राहील, ही काळजी वरच्यांना असते. जेवायचं राहील, ही काळजी मेसवाल्याची. त्या काळजीचं खातं वेगळं.

‘कमवा व शिका’ची वाट दाखवणाऱ्या भाऊराव पाटलांनी १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह काढलं. पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचे दागिने गेले, मंगळसूत्रसुद्धा. बरं झालं, तेव्हा शिष्यवृत्तीचं महाडीबीटी पोर्टल नव्हतं. मंगळसूत्र विकून आलेले पैसे मुलांच्या उत्पन्नात धरले गेले असते!

पैसे पुरत नाहीत म्हणता? मग आधी गरिबी सिद्ध करा, तीही मापात. अनुसूचित जातीच्या मुलाला ‘स्वाधार’ योजनेचा भत्ता हवा तर घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं. खुल्या गटातल्या मुलाला राजर्षी शाहू शिष्यवृत्तीसाठी आठ लाखांपर्यंत मुभा. तहसीलदार तोच, शिक्का तोच. पण एकाची गरिबी अडीच लाखांत संपते, दुसऱ्याची आठ लाखांपर्यंत पुरते. बापाच्या सोयाबीनला चांगला भाव मिळाला तर पोराचा भत्ता जायचा धोका आहे. ती वेळ येऊ नये याची खबरदारी सरकार दरवर्षी घेतं.

‘स्वाधार’चे आपल्याकडचे ठरलेले ४३ हजार असे: जेवणाला २५, राहण्याला १२, निर्वाहाला ६. म्हणजे दोन वेळच्या जेवणाला दिवसाकाठी अडुसष्ट रुपये आणि खोलीला महिना हजार. हजारात खोली देणारा घरमालक सापडला तर त्याचा सत्कार करा, हाराचे पैसे निर्वाहातून काढा.

त्यात २०२३ला जिल्ह्याचं नाव बदललं. शाळेच्या दाखल्यावर उस्मानाबाद, नव्या कागदावर धाराशिव. शेळी मात्र अजून उस्मानाबादीच. जुळी करडं देते आणि कुणी तिच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागत नाही.

तरीही वाढीव मदत मागायचीच असेल तर अर्ज करा. आधार जोडा, पासबुक जोडा, हजेरी जोडा, गेल्या वर्षीची रक्कम जमा झाल्याचा पुरावा जोडा. तीच अजून आली नसेल तर खिडकीतून प्रश्न येईल, ‘मग वाढवायचं काय?’ याचं उत्तर तीन प्रतींत द्या.