नानांची चौकशी

पुण्यातील सहकारी गृहरचना संस्थांत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार यांच्याखेरीज एक असा पदाधिकारी असतो, की ज्याची निवड कोणत्याही सर्वसाधारण सभेने केलेली नसते, आणि तरीही कुणाच्या घरचे इंटरनेट बंद पडले की पहिले बोलावणे त्यालाच जाते. आमच्या इमारतीत हा मान मामलेदार कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेल्या नानांचा असून, सारी हयात सात-बाराच्या उताऱ्यांवर पोसलेली त्यांची चिकित्सक बुद्धी सांप्रत राउटर नामक यःकश्चित डबीवर स्थिरावली आहे.

डबीला हात लावण्यापूर्वी नाना घरच्यांच्या जबान्या घेतात. “सूनबाई, बंद पडलं तेव्हा मायक्रोवेव्ह चालू होता का?” हा प्रश्न ऐकून नवख्या माणसास नानांच्या मनःस्वास्थ्याविषयी शंका येते, परंतु दूध तापवणारी ती पेटी आणि राउटरचा २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा एकाच कंपनसंख्येच्या आसपास नांदत असल्यामुळे हा संशय शास्त्रशुद्ध असतो. ५ गिगाहर्ट्झची लहर वेगवान खरी, पण भिंतीपुढे ती लवकर हतबल होते, २.४ ची लहर भिंतींना त्या मानाने कमी जुमानते, मात्र तिच्यात परस्परांच्या हद्दीत न शिरणारे मार्ग १, ६ आणि ११ असे तीनच. एवढे कळल्यावर महसूल खात्यात मुरलेला मनुष्य स्वस्थ कसा बसेल? नानांनी मजलेवार वाटपाचा तक्ताच जिन्यात लावला, आणि ज्यांचे राउटर ‘ऑटो’वर असल्यामुळे आपण होऊन मार्ग बदलतात, त्यांच्यावर अतिक्रमणाच्या नोटिसा बजावल्या.

राउटर बंद करून पुन्हा चालू करणे, हा बहुतेक वेळा गुण देणारा उपाय नानांना मनापासून अमान्य आहे. त्याने गुंता सुटतो हे त्यांना ठाऊक आहे. परंतु गुन्हा शाबीत न करता आरोपीस सोडून देणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही.

परवा आमच्या शेजारी त्यांची चौकशी भर दुपारी सुरू होऊन दिवेलागणीपर्यंत चालली. जबान्या झाल्या, अँटेना उभ्या केल्या, राउटरवरचा क्रोशाचा रुमाल मुद्देमाल म्हणून जप्त झाला. “आजोबा, एलओएसचा, म्हणजे सिग्नल तुटल्याचा, दिवा लाल आहे,” असे घरातील धाकटी नात वारंवार सांगत होती. पण अज्ञान व्यक्तीची साक्ष नाना ग्राह्य धरत नाहीत. अखेर कंपनीचा मुलगा आला. त्याने कपाट पुढे ओढले, तो मागे फायबरची तार चेपून काटकोनात वळलेली. काचेचा तो तंतू इतका वाकला, की आतला प्रकाश वाटेतच निसटतो आणि डबीपर्यंत पोहोचत नाही. ते कपाट तिथे सरकवण्याचा हुकूम गेल्या चौकशीत नानांनीच दिला होता. ही गोष्ट कुणीतरी नम्रपणे निदर्शनास आणताच नाना शांतपणे म्हणाले, “ती तक्रार निकाली निघाली आहे. ही नवी. हिच्यासाठी स्वतंत्र अर्ज करा.”

वाचकहो, लाल दिवा दिसला तर राउटरशी झोंबत बसू नका. तार कुठे चेपली नाही ना एवढे पाहा आणि थेट कंपनीस कळवा. फक्त नाना जिन्यात असताना मोठ्याने कळवू नका.