पहिलीची जागा अडीचाव्या वर्षी विकणाऱ्या संचालकांस

संचालक महोदय,



तुमच्या प्लेस्कूलच्या फाटकावर मोठ्या अक्षरांत एका नामांकित शाळेचं नाव आहे आणि खाली ‘पहिलीत थेट प्रवेश’ असं लिहिलं आहे. तिथे मुलं काय खेळतील, कोण शिकवेल, याबद्दल एक ओळ नाही. म्हणजे तुमचा माल कोणता हे तुम्ही उघड सांगता. सांगत नाही ते एवढंच, की ती जागा कोणाच्या मुलाच्या वाट्यातून काढली.

तुम्ही हुशार आहात, हे मी मनापासून लिहिते. शिक्षण हक्काचा 2009 चा कायदा आम्हा पालकांपेक्षा तुम्ही नीट वाचला आहे. त्याच्या कलम 13 नं शाळांना प्रवेशासाठी मुलांची चाळणी करायला मनाई केली. चाळणी म्हणजे काय, तेही कायद्यानं सांगून ठेवलं: सोडतीखेरीज दुसऱ्या कुठल्याही रीतीनं एका मुलाला दुसऱ्याच्या आधी निवडणं. पहिल्यांदा सापडलात तर 25,000 रुपयांपर्यंत दंड, त्यानंतर दर खेपेला 50,000 रुपयांपर्यंत. पण हा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा. तुम्ही वाट काढलीत: मूल सहा वर्षांचं होण्याआधीच चाळून घ्यायचं. फेब्रुवारी 2013 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं म्हटलं की नर्सरीच्या खुल्या जागांना ही मनाई लागू होत नाही. त्याच निकालात न्यायालयानं हेही म्हटलं होतं की कायदा नर्सरीलाही लावण्याचा विचार सरकारनं करावा. 2015 मध्ये दिल्लीच्या विधानसभेनं नर्सरीच्या प्रवेशातली चाळणी बंद करणारं विधेयक मंजूर केलं आणि ते वर्षानुवर्षं मंजुरीविना पडून राहिलं. या सगळ्यातून तुमच्या कामाचं तेवढं तुम्ही उचललंत.

आता अडीच वर्षांच्या मुलाची चाळणी करायची तरी कशी? त्याला बूट कोणत्या पायात घालायचा ते कळत नाही. म्हणून तुम्ही आईबापांना चाळता. कुठे नोकरी, किती पगार, घरात कोणती भाषा, घर स्वतःचं की भाड्याचं, आणि डिसेंबरच्या आत पूर्ण वर्षाची फी भरता येईल का. समोर बसलेली बाई गोड बोलते, ‘सीट लॉक करून टाका मॅडम, नंतर मिळणार नाही’ म्हणते, आणि तिचं म्हणणं खरं असतं. नंतर मिळत नाही. कारण पीपी-2 ची, म्हणजे पूर्वप्राथमिकच्या दुसऱ्या वर्षाची तुमची मुलं पहिलीत सरकली की जाहिरातीत उरते ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी जागा, आणि तिच्यासाठी रांगेत उभी राहतात शेकडो घरं. त्या प्रत्येकाकडून नोंदणीचे पैसे घेतले जातात आणि ते परत मिळत नाहीत. जागा नाही हे ठाऊक असताना घेतलेल्या त्या पैशांना मी लूट म्हणते.

आमच्या सोसायटीत या विषयावर रात्री अकरापर्यंत भांडण झालं. तुमची बाजू घेणारेही होते आणि त्यांना मी वाईट म्हणणार नाही. एक बाप म्हणाला, ‘तीन वर्षं कर्ज काढून फी भरली, तेव्हा पुन्हा रांग नको म्हणूनच भरली. आता नियम बदलले तर माझ्या मुलीनं काय करायचं?’ दुसरी आई म्हणाली, मूल एकदा रुळलं की त्याला उपटून दुसरीकडे नेऊ नये. तिचं बरोबर आहे. भावंडं एका शाळेत असावीत, हेही बरोबर. पण मूल रुळावं ही काळजी खरीच असती, तर तुम्ही त्याला दोन वेगळ्या संस्थांच्या करारात बांधलं नसतं. तुमचं प्लेस्कूल एका कंपनीचं, पहिली दुसऱ्याच ट्रस्टची. मुलाला इमारत, बाई, सवंगडी सगळं नवंच. तसंच राहतं ते फक्त फीचं खातं.

आणि जे तिथे आधी येऊच शकत नव्हते त्यांचं काय? सिकंदराबादला दक्षिण मध्य रेल्वेचं मुख्यालय आहे, लष्कराची मोठी छावणी आहे. नांदेडहून, सोलापूरहून बदली होऊन माणसं येतात, तेव्हा पोर पाच वर्षांचं झालेलं असतं. अडीचाव्या वर्षी ते तुमच्या दारात कसं उभं राहणार होतं? आमच्या वॉचमनची मुलगी अंगणवाडीत शिकली. कायद्यानं खाजगी शाळांत दुर्बल घटकांसाठी 25 टक्के जागा ठेवायला सांगितलं ते 2010 पासून, आणि आपल्या तेलंगणात ती तरतूद वर्षानुवर्षं कागदावरच राहिली. त्या मुलीसाठी मागचं दार नव्हतंच. पुढच्या दाराला तुम्ही कुलूप घातलंत.

जन्मावर जागा ठरवण्याचा प्रकार आपल्या हैदराबादनं पूर्वी पाहिला आहे. बेगमपेठेत 1923 मध्ये जहागीरदार कॉलेज निघालं, जहागीरदारांच्या मुलांसाठी. कोणाच्या पोटी जन्मलात त्यावर प्रवेश. 1949 मध्ये जहागिरी गेल्या, 1951 मध्ये शाळेचं नाव हैदराबाद पब्लिक स्कूल झालं. त्याच निजामी राज्यात केशवराव कोरटकर, वामनराव नाईक यांच्यासारख्यांनी खटपट करून विवेकवर्धिनी शाळा उभी केली. घरी पुस्तक नसलेल्या मुलांनाही शिकता यावं म्हणून ती माणसं झिजली. काचीगुड्यात, सुलतान बाजारात राहणाऱ्या आम्हा मराठी कुटुंबांच्या तीन-तीन पिढ्या तशाच शाळांनी घडवल्या. शंभर वर्षांनी त्याच शहरात तुम्ही जन्माऐवजी पावती मागता आणि त्याला शिक्षणसंस्था म्हणता, याचा मला राग येतो.

तुम्ही म्हणाल, खाजगी शाळेला स्वतःचं प्रवेशाचं धोरण ठरवायची मुभा आहे. आहे. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्र सरकारनं तशी मार्गदर्शक सूचना काढली. पण त्या सूचनेत असंही आहे की धोरण लोकांसमोर जाहीर करावं, प्रॉस्पेक्टसमध्ये छापावं, गट पाडले तरी गटातली निवड सोडतीनं करावी, आणि आईबापांच्या शिक्षणावरून मुलाचं मोल ठरवू नये. तुमच्या करारातली कोणती गोष्ट छापली आहे? तुमची बाई कॉलेज विचारते, नवऱ्याचंही विचारते.

म्हणून लेखी मागते. येत्या प्रवेशाच्या आधी फाटकावर लावा: पहिलीच्या एकूण जागा किती, त्यांतल्या तुमच्या पीपी-2 मधून आधीच भरल्या किती, आणि त्या शाळेशी तुमच्या करारात दर मुलामागे किती पैसे हातबदल होतात. उरलेल्या जागांची सोडत पालकांसमोर काढायला त्या शाळेला सांगा. तुमचं तिथे वजन आहे, ते तुमच्याच फलकावर लिहिलं आहे. आणि जागा नसतील त्या वर्षी नोंदणीचे पैसे घेऊ नका. उत्तर मला पाठवू नका. जिथे ‘थेट प्रवेश’ लिहिलं आहे, त्याच्या शेजारी लावा. आम्ही बरेच जण सकाळी त्याच रस्त्यानं मुलांना घेऊन जातो.

कळावे,
पहिलीच्या रांगेत उभी असलेली एक आई,
काचीगुडा, हैदराबाद