हायड्रॉसराव, रंग छान दिलात!

राजमान्य राजेश्री सोडियम हायड्रोसल्फाइट ऊर्फ हायड्रॉस पावडर
मु. पो. काहिलीशेजारचा कोनाडा, गुऱ्हाळ, पंचगंगेचा काठ

स. न. वि. वि.

पत्रास कारण की, कोल्हापूरच्या गुळाचं जिथे तिथे कौतुक ऐकतो आणि त्या कौतुकात आपलं नाव कुणीच घेत नाही, हे काही बरं दिसत नाही. हिशेबाच्या पट्टीवर शेतकऱ्याचं नाव असतं, अडत्याचं असतं. दुकानाच्या पाटीवर 'अस्सल कोल्हापुरी' असतं. पण ज्याला भुलून गुजरातचा व्यापारी गुळाच्या त्या रव्यापाशी, म्हणजे ढेपेपाशी, थांबला, तो पिवळाधमक रंग आपण दिलेला. भाव शेतकऱ्याला मिळतो असं म्हणतात. भाव खाऊन जाता आपण. जाहीर सत्कार घडवून आणण्याइतकी आमची ऐपत नाही, म्हणून निदान जाहीर पत्र तरी लिहावं म्हटलं.

आपण मूळचे गुळातले नाही, हे आम्ही जाणून आहोत. आपलं घराणं रंगाऱ्यांचं. निळीसारखा पाण्यात न विरघळणारा रंग कापडात उतरवायचा तर आधी तो विरघळता करावा लागतो. त्या कामी आपला हात धरणारं कुणी नाही. कागदाचा लगदा उजळ करायचा असला तरी आपल्यालाच बोलावणं येतं. स्वभाव तसा तापट. ओल लागली की आपण आपोआप तापता आणि पेट घेऊ शकता, म्हणून आपल्याला कोरड्या जागी, बंद पिंपात ठेवावं लागतं. अशा गृहस्थाची नेमणूक आम्ही कुठे केली? उकळत्या रसाच्या काहिलीत. आमच्या गुणग्राहकतेला तोड नाही.

गुऱ्हाळात आपला प्रवेश कधी होतो, तेही पाहण्यासारखं असतं. चरकातून निघालेला उसाचा रस काहिलीत पडलेला असतो, चुलवाणात चिपाडाचा जाळ धडधडत असतो. भेंडीची झाडं ठेचून काढलेलं बुळबुळीत पाणी गुळव्या रसात सोडतो. त्या चिकट पाण्याला रसातला गाळ बिलगतो, फेसाबरोबर वर येतो आणि काळपट मळीचा थर धरतो. ती मळी झाऱ्याने काढत राहायची. चुन्याची निवळी बेताने घालायची, कारण रस मुळात आंबटसर असतो आणि आंबट रस तापला की त्यातली साखर फुटते. मग तासन्‌तास आटवणं. शेवटी गुळव्या चटका देणारा पाक थंड पाण्यात टाकून बोटांनी त्याची गोळी वळून पाहतो. इथे पारा ११८ अंशांच्या आसपास असतो, आणि गुळव्याला तो पाऱ्याशिवाय कळतो. एवढं सगळं होईपर्यंत आपण कोनाड्यात पिशवीत निवांत बसलेले. काहील उतरायच्या बेताला आली की कुणीतरी मूठ भरतो, पांढरी भुकटी पाकात फेकतो, गंधकाचा भपकारा नाकात जातो आणि तांबूस पाक बघता बघता सोनेरी होतो. राबायचं गुळव्याने, चटके सोसायचे जाळ घालणाऱ्याने, मळी काढायची गड्याने. आणि शेवटच्या घटकेला येऊन हार गळ्यात घालून घ्यायचा आपण. नाद खुळा!

पण आपली खरी कर्तबगारी निराळीच आहे, आणि ती फार थोड्यांच्या लक्षात आली आहे. लोक समजतात, आपण गुळात थोडं विष कालवलंत. छे! आपण त्याहून मोठं काम केलंत. आपण साक्षीदार फोडलात.

एके काळी गुळाचा रंग खरं बोलायचा. फिक्कट सोनेरी, कणीदार, खणखणीत रवा दिसला की जाणकाराला बरंच काही कळायचं. ऊस पुरता पिकलेला होता. तोडल्यावर शिळा होऊ न देता गाळला. जमीन खारवट नव्हती. युरियाचा मारा बेतात होता. मळी नीट काढली, चुना जास्त पडला नाही, पाक करपला नाही. यातलं एक जरी चुकलं तरी रंगावर डाग यायचा. खारवट रानातल्या उसाचा गूळ चवीला खारट आणि हवेतली ओल ओढणारा. शिळ्या उसात साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, त्याचा गूळ मऊ, चिकट, पावसाळ्यात पाझरणारा. जास्त नत्र दिलेल्या उसाचा गूळ काळपट. म्हणजे डोळ्यांनी केलेली का असेना, ती रासायनिक तपासणीच होती. नजर हीच प्रयोगशाळा होती, आणि बऱ्यापैकी भरवशाची होती.

आपण आलात आणि नापास पोरांना एकजात पहिल्या वर्गाच्या गुणपत्रिका वाटून टाकल्यात. आता कोवळा ऊस, शिळा ऊस, खारा ऊस, निम्मीअर्धी काढलेली मळी, सगळ्यांच्या अंगावर सारखाच सोनेरी अंगरखा. ज्याने रानापासून काहिलीपर्यंत जीव ओतला त्याचा रवा आणि ज्याने मूठभर आपल्याला ओतलं त्याचा रवा सौद्यात शेजारी शेजारी. कधी कधी तर पहिलाच जरा फिका पडतो. कोपरा उकरून पाहणारा खरीददार पुढच्या थप्पीकडे वळतो. प्रामाणिकपणाची अशी शिक्षा आम्ही कुठल्याही कायद्यात लिहिलेली नाही. ती आपण रोख अमलात आणलीत.

त्यातही आपला रंग टिकाऊ नाही, ही गंमत आगळीच. सौद्यात झळाळणारा रवा वखारीत महिने काढतो तसा पुन्हा काळवंडायला लागतो. हवेतला ऑक्सिजन आपण पुसलेलं परत लिहायला बसतो. आपण मात्र पाकात पडल्या पडल्या फुटलेले असता, आणि मागे काय ठेवून जाता, तर सल्फाइट आणि गंधकाचा डायऑक्साइड. बहुतेकांना ते थोड्या प्रमाणात जाणवतही नाही. ज्याला दमा आहे, त्याच्या छातीला ते जाणवू शकतं. शिवाय सल्फाइट थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, नष्ट करतं. 'साखर सोडा, गूळ खा, पौष्टिक असतो' असं सांगणाऱ्या समस्त आजीबाईंच्या वतीने आपले आभार.

आपली जोडी जिच्याशी जमते, त्या साखरेचाही उल्लेख करायला हवा. साखर स्वस्त आणि गूळ महाग अशी वेळ आली की काहिलीत रसाबरोबर साखरेची पोतीही रिकामी होतात. ही चोरी पकडायला मोठी नाठाळ. मधात उसाची साखर घातली तर कार्बनच्या समस्थानिकांच्या तपासणीत ती उघडी पडते. फुलांचा कार्बन आणि उसाचा कार्बन यांची ठेवण वेगळी असते. गुळात घातलेली साखर मात्र उसाचीच. चोर आणि घरधनी एकाच रक्ताचे, मग ओळखपरेड करायची कशी? मग आडून माग काढावा लागतो. साखरेत खनिजं जवळजवळ नसतातच, म्हणून भेसळीच्या गुळात राख कमी भरते, फुटलेली साखर कमी भरते आणि सुक्रोज गुळाच्या मानाने जरा जास्तच शुद्ध निघतं. तेवढ्यावर ठाम बोट ठेवणं अवघड, म्हणून हे आपले दोस्त बहुधा सुटतात. आणि साखरेने फिका पडलेला गूळ आपल्यासारख्यांच्या हाती आणखी खुलतो. गुळाचाच गणपती आणि गुळाचाच नैवेद्य हे आम्ही ऐकलं होतं. आता गणपती साखरेचा आणि शेंदूर आपला.

कायद्याला आपण घाबरत नाही, ते साहजिकच आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा २००६ चा, २०११ पासून अमलात. त्यातल्या मानकाप्रमाणे घट्ट गुळात पाणी १० टक्क्यांहून जास्त नको, सुक्रोज ६० टक्क्यांच्या खाली नको, एकूण साखर ९० टक्क्यांच्या खाली नको, राख ६ टक्क्यांवर नको. आपल्या नावाने ठेवलेली मर्यादा अशी की गंधकाचा डायऑक्साइड किलोमागे ७० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. नमुना घेतला जातो, त्याचे चार भाग होतात, लाखबंद होतात. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो. तोवर तो गूळ ट्रकमध्ये चढून, वखारीत उतरून, कुणाच्या तरी घरच्या पुरणपोळीत शिरलेला असतो. दर्जा कमी निघाला तर दंड पाच लाखांपर्यंत, तोही सुनावणी होऊन ठरला तर. आपण म्हणाल, कागद आमच्यापेक्षा पांढरा आहे. खरं आहे.

तरी एका जागी आपली डाळ शिजत नाही, ती जागा आपल्याला मुद्दाम दाखवतो. प्रयोगशाळेत गुळाचं द्रावण काचेच्या चंबूत आम्लाबरोबर उकळतात. चंबूतून नायट्रोजनचे बुडबुडे सोडतात, ते आपला गंधक-वायू कवटाळून पुढच्या नळीत नेतात. तिथे हायड्रोजन पेरॉक्साइड असतं आणि त्यात मिथिल रेड नावाच्या सूचकाचे थेंब. द्रावण पिवळं. आपला वायू पोचला की त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं आणि पिवळं द्रावण तांबडं पडतं. मग अल्कलीचे थेंब मोजून टाकत ते पुन्हा पिवळं करायचं. जितके थेंब लागले तितके आपण. जन्मभर तांबड्याचं पिवळं करत आलात, पण या एका नळीत आपल्या पावलाने पिवळ्याचं तांबडं होतं. इथे अडत्या मध्ये पडत नाही आणि 'बघून घ्या की मालक' म्हणून भागत नाही.

आता मानाचं बोलू. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. शाहू महाराजांनी शाहूपुरी वसवून इथल्या गुळाला हक्काची पेठ दिली, कोल्हापुरात ऊस आणि गुळावरचं संशोधन केंद्र आहे, भेंडीच्या रसापासून गुळाला योग्य ऊसजातींपर्यंत सगळ्याच्या शिफारशी छापून तयार आहेत. पण मानांकन नावाला मिळतं, रव्याला नाही. रव्यात काय आहे हे विचारायची पद्धत सौद्यात नसेल, तर सीमेपलीकडून आलेला गूळही इथे उतरून कोल्हापुरी होतो, आणि आपण तर कुठूनही येऊन कोल्हापुरी होता. एवढा सहज अधिवास दाखला तहसील कचेरीत कुणाला मिळाला नाही.

आपल्यावर चिडलेल्या शहरी मंडळींनी हल्ली एक तोड काढली आहे: काळा गूळ घ्यायचा. जितका काळा तितका 'केमिकल फ्री', आणि जितका काळा तितका महाग. या मंडळींचंही अभिनंदन. चुना जास्त झाला तरी गूळ काळा पडतो, पाक करपला तरी, मळी राहिली तरी, नि वखारीत पडून राहिला तरीही. म्हणजे कालपर्यंत पिवळ्याला फसत होतो, आता काळ्याला फसायची सोय झाली. भाव पुन्हा रंगालाच. आपण नसलात तरी आपली गादी चालवायला वारस तयार आहे.

म्हणून आमची मागणी आपल्याला फाशी द्या अशी नाहीच. मागणी आपलं काम काढून घ्या, अशी आहे. ज्या शेतकऱ्याचा गूळ सौद्यात डोळ्यांवर जातो, तोच शेतकरी सकाळ-संध्याकाळ संस्थेत दूध घालतो, तिथे यंत्र फॅट आणि एसएनएफ दाखवतं आणि दर त्यावर ठरतो. दूध पांढरंशुभ्र आहे म्हणून कुणी दोन रुपये जास्त देत नाही. त्याचा ऊस साखर कारखान्यात गेला तर रास्त दर साखरेच्या उताऱ्यावर बांधलेला असतो, सध्याचा पाया १०.२५ टक्के. त्याच रानातला ऊस गुऱ्हाळात गेला की मात्र विश्लेषण संपतं आणि 'रंग बघा' सुरू होतं. सौद्यात लावलेल्या प्रत्येक थप्पीवर एक चिठ्ठी असू द्या: पाणी किती, सुक्रोज किती, फुटलेली साखर किती, राख किती आणि आपण किती. भाव चिठ्ठीवर निघू द्या. फिक्कट तांबूस पण खणखणीत गुळाला ज्या दिवशी चार पैसे जास्त मिळतील, त्या दिवशी आपल्याला हाकलायला कुठल्याही निरीक्षकाला यावं लागणार नाही. गुऱ्हाळमालक स्वतः पिशवी उचलून बाहेर ठेवेल, कारण आपण फुकट येत नाही आणि तो हौसेने आपल्याला पोसत नाही. मळकट रव्याला क्विंटलमागे कापून घेतलेला दर त्याला पाठ आहे.

कळावे, लोभ कमी व्हावा ही विनंती.

आपला नम्र,
एक गूळखाऊ

ता. क. आपल्या यजमानांपैकी काहीजण घरच्या खाण्यासाठी एक आधण वेगळं उतरवतात आणि त्यात आपल्याला बोलावत नाहीत, असं गुऱ्हाळांवर सर्रास बोललं जातं. आपला एवढा अपमान होत असेल तर वाईट वाटतं. पण त्यांना आमचा निरोप द्या: सौद्यात त्याच आधणातला गूळ आणा, दिसायला कसाही असो. भाव त्यांनी सांगावा.