पत्ती चढली, कट घटला

रविवार, २१ फेब्रुवारी २०२१. कोरोनामुळे शनिवार रात्रीपासून बाहेर पडायची सोय नव्हतीच, त्यात पालकमंत्री यशोमती ठाकूर यांनी सोमवारी रात्री आठपासून अमरावती आणि अचलपूर आठवडाभर बंद ठेवायचं जाहीर केलं. बातमी आली तशा शेजारच्या काकू कंपाउंडच्या भिंतीशी आल्या.

“तुयाकडे चायपत्ती आहे काय व? पावशेर दे. भाऊ अकोल्याहून आला का वापस करतो. पण तो तरी कशाचा येते! तिकडंही कुलूप लागते म्हणते.”

काकूंचं माहेर अकोल्याचं. भाऊ तिथं चहाचा ठोक व्यापारी, त्यामुळे पत्तीच्या भावात त्यांचा शब्द आमच्या गल्लीत शेवटचा.

“देते, पण पावशेरामागं पंधरा-वीस रुपये जास्त मोजलेत मी. वर्षभरात एवढी कशी हो चढली?”

“मी बी भावाले म्हटलं, लोकायले लुटून राह्यला काय रे? त त्यानं मलेच शिकवलं. गेल्या मार्चात लॉकडाऊन लागला, अन् आसामात तवाच पयली पत्ती फुटते. मळे बंद. मंग निम्म्याच मजुरायले परवानगी. पण झाड थांबते काय व? दोन पानं अन् एक कळी, तेवढंच कामाचं असते. बाकी वाढून जून झालं, ते छाटून फेकलं. त्यावर पावसाळ्यात पूर. २०१९ मधी देशात १३९ कोटी किलो चाय झाला व्हता, २०२० मधी सव्वाशे कोटीच्या आसपास. लिलावात सरासरी १४० रुपये किलोचा माल १८० च्या वर गेला.”

भावाचा फोन काकू स्पीकरवर लावून अंगणात फिरतात. म्हणून यातले निम्मे आकडे मलाही पाठ आहेत.

“अन् गुवाहाटीच्या लिलावात ऑक्टोबरात मनोहारी मळ्याचा एक चाय ७५ हजार रुपये किलोनं गेला. ७५ हजार बाप्पा! तेवढ्यात सेकंडहँड गाडी येते.”

“पण काकू, हॉटेलं बंद, ऑफिसं बंद, एसटी स्टँड बंद. मग पिणारे कमी झाले असतील ना?”

“कमी? घरी बसलेला माणूस काय करते? दर तासाले चाय मांड म्हणते! तुये काकाजी पाह्य. त्यात अद्रक-लवंग टाकून काढ्याच्या नावानं आणखी दोन कप. देशात पिकते त्यातला रुपयातला बारा आणे चाय त आपणच पेतो. मंग माल घटला का भाव चढलाच.”

“बाहेरून नाही का आणता येत?”

“केनियात त्याच वर्षी इतका पिकला का ठेवाले जागा नाई, ५७ कोटी किलोच्या घरात! पण बाहेरच्या चायवर सरकार शंभर टक्के ड्यूटी लावते. अन् बाहेरच्या कापसाले? आतालोक शून्य. आता कुठं या बजेटात दहा टक्के लावली. गेल्या उन्हाळ्यात आमच्या दिराचा कापूस घरात छतापर्यंत रचून व्हता. खरेदी केंद्राचा नंबर लागे-लागेलोक पाऊस आला. चाय कमी पिकला त भाव सव्वापटीच्या वर. कापूस कमी पिको का जास्त, आपला भाव कोणी दुसराच ठरवते.”

कापसावर आल्या की काकू वाहवतात. पण चहाच्या लिलावातला चढा भाव तरी पान तोडणाऱ्या बाईपर्यंत कुठं पोचला होता? आसामात तिची रोजी १६७ रुपये. आदल्याच दिवशी तिथल्या मंत्रिमंडळानं त्यात पन्नास घातले, हे मी सांगितलं.

“इलेक्शन असंल,” काकू म्हणाल्या.

होतंच. (ती वाढ पुढं मळेवाल्यांनी हायकोर्टात अडकवली, हे आम्हाला तेव्हा कुठलं कळायला.)

तेवढ्यात समोरचे भाऊ मास्क हनुवटीला लावून फाटकात आले. राजकमल चौकाजवळ त्यांचं चहाचं कँटीन आहे. काकूंनी लगेच धरलं.

“काय रे, तुयी त चांदी झाली असंल. गेल्या साली दूध पाण्याच्या भावात व्हतं. सरकार २५ रुपये लिटरनं रोज दहा लाख लिटर घेऊन त्याची पावडर करे.”

“काकू, दूध स्वस्त व्हतं तवा कँटीन बंद. कँटीन उघडलं त दूध चढलं, पत्ती त्याच्या आंधी चढून बसलेली. गिलासात कोणी पेत नाई, कागदी कप पायजे. काचेचा गिलास धुतला का पुन्हा चाले. हा फेकला का गेला. दाणेदार सोडून सारी बारीक पत्ती उकयतो आता, रंग लवकर येते.”

“मंग रेट वाढव.”

“दहाचा बाराले म्हटलं त गिऱ्हाईक शेजारच्या ठेल्यावर जाते. म्हून कट चायचा कपच लहान आणला.”

“म्हंजे कटाचा बी कट!”

भाऊ हसले नाहीत. पथविक्रेत्यांच्या स्वनिधी योजनेतून त्यांना दहा हजारांचं कर्ज मिळालं होतं. महिन्याचा हप्ता साडेनऊशेच्या घरात.

“कँटीन बंद म्हटल्यावर हप्ता माफ नाई काय?” काकूंनी विचारलं.

“थांबवाची सवलत व्हती, गेल्या ऑगस्टालोक. माह्यं कर्ज त्याच्या बाद मंजूर झालं.”

“मंग आता?”

“आता काय! उद्या रात्री आठलोक उघडं आहे. येजा दोघी.”

“येतो,” काकू म्हणाल्या, “पण त्या बोळकुल्या कपात नाई पेत मी. घरून गिलास आणतो, भरून देजो.”