न्यूयॉर्क किती लांब? साडेसहा तास!

रात्री एकला मुंबईहून निघायचं आणि सकाळी साडेसातला न्यूयॉर्कला उतरायचं, हे तिकिटावर वाचल्यापासून डोंबिवलीचे एक निवृत्त आजोबा खुशीत होते. साडेसहा तास! गणपतीत कोकण गाठायला याहून जास्त लागतात.

आजींचा प्रश्न एकच होता, दशम्या किती करायच्या. "अहो, सूनबाई सोळा तास म्हणतेय. मी सोळाच्याच हिशोबाने करते."

दोघांचंही बरोबर होतं. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. सोळातून साडेनऊ गेले की आजोबांचे साडेसहा उरतात. पोटाला मात्र ही वजाबाकी कळत नाही.

मग अंतराचा वाद निघाला. आजोबांनी भिंतीवरच्या नकाशाला फूटपट्टी लावली. रेघ सौदी, इजिप्त, अल्जीरिया ओलांडून थेट अटलांटिकमध्ये शिरली. सरळच्या सरळ रस्ता! पण या सरळ रस्त्याने गेलं तर जवळपास 14,200 किलोमीटर पडतात. सर्वांत जवळची वाट सुमारे 12,500 किलोमीटरची आहे आणि ती मुंबईहून चक्क उत्तरेला निघते. नारळावर दोन टिंबं काढून दोरा ताणून धरावा, म्हणजे ती सापडते: रशिया, स्वीडन, नॉर्वे, ग्रीनलंडचं दक्षिण टोक आणि मग कॅनडा. प्रत्यक्षात वारा आणि बंद हवाई हद्दी पाहून वैमानिकाला या वाटेतही फेरफार करावे लागतात.

विमानात समोरच्या पडद्यावरचं चिमुकलं विमान वर वर सरकू लागलं, तशा आजी कुजबुजल्या, "अहो, न्यूयॉर्क डावीकडे ना? हा कुठे चाललाय?"

आजोबांकडे याहून भारी योजना तयार होती. पृथ्वी पूर्वेकडे फिरते. मग विमानाने वर नुसतं थांबून राहावं, न्यूयॉर्क आपोआप खाली येईल! शेजारच्या इंजिनीअर पोराने ती दोन वाक्यांत निकालात काढली. एक तर हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. आणि फिरत नसती, तरी मुंबईच्या अक्षांशावर न्यूयॉर्क नाहीच. साडेअकरा तासांनी खाली मेक्सिको सिटी आलं असतं. आजींनी त्या पोराला एक दशमी जास्त दिली.

खरा खोडा घालतो तो वारा. ताशी 900 किलोमीटरने 12,500 किलोमीटर चौदा तासांत संपायला हवेत. पण साधारण दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, कधी कधी ताशी 200 किलोमीटरहूनही जोरात. जाताना तो तोंडावर येतो, येताना पाठीवर. म्हणून परतीचा प्रवास बहुधा तास-दोन तासांनी लवकर आटपतो.

तरीही परतताना आजोबा हिरमुसले. दुपारी बाराला न्यूयॉर्क सोडलं, चौदा तास उडाले आणि मुंबईत उतरले ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराला. जाताना साडेसहा, येताना साडेतेवीस! "वारा पाठीशी असून ही गत?" त्यांनी विचारलं. जाताना उसने मिळालेले साडेनऊ तास घड्याळाने वसूल केले होते.

ज्यांची मुलं तिकडे आहेत, त्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिका घड्याळ तासभर मागे घेते. तेव्हापासून मार्चपर्यंत फोन लावण्याआधी साडेनऊ नव्हे, साडेदहा तास वजा करा. दुपारी दीडला तुम्ही जेवून निवांत बसता, तेव्हा तिकडे पहाटेचे तीन वाजलेले असतात.